रातांब्याची बी, संत्र्याची साल आणि तळणीचे तेल: कुडाळ तालुक्यातील एका गृहउद्योगाच्या चार साबणांचे परीक्षण

रातांबे फोडले की सालांचे आमसूल होते, गराचा रस त्याच सालांना पुन्हा पुन्हा लावून पुटे चढवली जातात, आणि बिया अंगणाच्या कडेला ढीग होऊन पडतात. ज्या घरात अजून कोणी जुने माणूस आहे, तिथे त्या बिया धुऊन, वाळवून फोडतात, आतला गर कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगणारी चरबी काढून घेतात आणि ती निवू लागली की मुठीत दाबून तिचे गोळे करतात. हेच मुठेल, याला भिरंडेलही म्हणतात. माझ्या आजोळी थंडीच्या दिवसांत टाचांच्या भेगांत भरण्यासाठी असा एक गोळा फडताळात कायम असे, आणि त्याच्यावर आजीच्या चार बोटांचे खळगे स्पष्ट दिसत. त्यामुळे एका साबणाच्या वेष्टनावर ‘मुठेल २० टक्के’ असे छापलेले पाहिले, तेव्हा त्या गृहउद्योगाच्या चारही वड्या मी एकदमच मागवल्या.

हा उद्योग कुडाळ तालुक्यातील चार बायका मिळून चालवतात. त्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण चारपैकी एका वडीबद्दल माझी तक्रार आहे. ती मी त्यांच्या कानावर घातली आहे आणि त्या कृती बदलत आहेत. बाकी गोष्टी चोख आहेत. वेष्टनावर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारीख आहे. घरगुती साबण विकणाऱ्या पुष्कळांना हे ठाऊकही नसते, की विक्रीसाठी अंगाचा साबण करायचा तर सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांखाली परवाना लागतो. शिवाय या बायकांनी प्रत्येक तेलाचे प्रमाण टक्क्यांत दिले आहे, जे देण्याची सक्ती त्यांच्यावर नाही. मी स्वतः गेली काही वर्षे घरापुरता साबण करते. माझ्यासारखीला ते टक्के वाचले की वडी हातात येण्याआधीच तिचा स्वभाव बराचसा कळतो.

चारही वड्या फेब्रुवारीत आल्या. प्रत्येकीचे दोन नग घेतले होते. एक वापरायला काढला आणि दुसरा तारीख लिहून कपाटात कागदावर उघडा ठेवला. आल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजने केली आणि ओल्या पृष्ठभागाला पीएच पट्टी लावून पाहिली. चारही ठिकाणी रंग ९ ते १० च्या दरम्यान आला, म्हणजे कॉस्टिक सोडा मोकळा उरलेला नव्हता. खऱ्या साबणाचा पीएच एवढाच असतो. ‘त्वचेइतका, साडेपाच पीएच असलेला नैसर्गिक साबण’ अशी जाहिरात दिसली तर ती वडी साबणाची नाही, दुसऱ्या कुठल्या फेसकाची आहे, असे खुशाल समजावे. कारण इतक्या आम्लात साबण टिकतच नाही, तो फुटून पुन्हा स्निग्धाम्ल, म्हणजे तेला-चरबीतले मूळ आम्ल, होतो.

मुठेलाच्या वडीपासून सुरुवात करते. तिच्या कृतीत खोबरेल ४० टक्के, घाण्याचे तिळेल ३० टक्के, मुठेल २० टक्के आणि एरंडेल १० टक्के आहे. प्रत्येक तेलाला साबण होण्यासाठी लागणारा सोडा वेगळा असतो. एक ग्रॅम खोबरेल ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा घेते, मुठेल ०.१३५, तिळेल ०.१३४ आणि एरंडेल ०.१२८. म्हणजे ५०० ग्रॅमचा घाणा धरला तर २०० ग्रॅम खोबरेलाला ३६.६, १५० ग्रॅम तिळेलाला २०.१, १०० ग्रॅम मुठेलाला १३.५ आणि ५० ग्रॅम एरंडेलाला ६.४ असा एकूण ७६.६ ग्रॅम सोडा लागेल. अंगाच्या साबणात थोडे तेल मोकळे राहावे म्हणून त्यातला ५ टक्के सोडा कमी करतात, तो ७२.८ ग्रॅमवर येतो, आणि तो विरघळवायला त्याच्या दुप्पट, साधारण १४६ ग्रॅम पाणी घेतात. सोडा पाण्यात टाकायचा असतो, पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नसते, आणि भांडे स्टीलचे हवे. अॅल्युमिनियमचे भांडे सोडा खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. हा सगळा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला आणि मे महिन्यात तिथे गेल्यावर त्यांच्या वहीतल्या आकड्यांशी ताडला. त्यांची वही आणि माझा कागद यांच्यात अर्ध्या ग्रॅमचाही फरक नव्हता.

या कृतीत प्रत्येक तेलाला नेमून दिलेले काम आहे. खोबरेलात जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याने भरपूर आणि चटकन फेस येतो, पण एकट्या खोबरेलाचा साबण अंग कोरडे पाडतो. तिळेल सौम्यपणा आणते, एरंडेल फेस धरून ठेवते. मुठेलात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असते आणि उरलेला बराचसा भाग ओलिक आम्लाचा. स्टिअरिकमुळे वडी घट्ट होते, पाण्यात लवकर विरघळत नाही आणि फेसाला दुधाळ, दाट पोत येतो. बाहेरच्या कारखानदारीत हे काम बहुतेक पामतेलाकडून करून घेतात. रातांब्याची बी कोकणात उकिरड्यावर जाते आणि आपण दूरदेशीचे पामतेल आणून साबणाला कडकपणा देतो, हे मला फार दिवस खुपत होते. या वडीत त्या बीला तिची जागा मिळाली आहे.

माझे ठाम मत असे झाले आहे, की वाया जाणारे अन्न साबणात स्निग्धाच्या रूपाने आले तरच त्याचा खरा उपयोग होतो. साबण हा शेवटी स्निग्धाम्लांचा क्षार आहे. सालीची चिमूट आणि फळाचा चमचाभर गर वरून घालून वेष्टनावर फळाचे चित्र छापले, तर वाया जाणारे फारसे वाचत नाही आणि साबणही सुधारत नाही. रातांब्याच्या बीमध्ये मात्र तिच्या वजनाच्या सुमारे पाव भाग चरबी असते. आमसुलाच्या हंगामात एका घरामागेही बियांची पोती भरतात. तेवढ्यातून किती वड्यांचे मुठेल निघेल, याचा अंदाज वाचकाने स्वतः करावा.

वापरायला काढलेल्या वडीचे वजन आल्या दिवशी १०४ ग्रॅम होते. एका माणसाच्या रोजच्या आंघोळीला, जाळीच्या साबणदाणीत निथळत ठेवून, ती ३१ दिवस पुरली. घरगुती वडी इतके दिवस पुरलेली मी क्वचितच पाहिली आहे. शेवटच्या आठवड्यात ती नखाएवढी पातळ झाली तरी तिचे तुकडे पडले नाहीत. फेस पहिल्या हाताला थोडा उशिरा येतो, पण आला की दह्याच्या सायीसारखा दाट असतो आणि केसाळ हातावरूनही घसरून जात नाही. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत पुण्यात माझ्या पोटऱ्यांवर पांढुरके ओरखडे उठतात. ते या महिनाभरात कमी जाणवले. एक कारण असे, की हाताने केलेल्या अशा साबणातले ग्लिसरीन कोणी काढून घेत नाही. वरच्या हिशेबाने ५०० ग्रॅम तेलामागे सुमारे ५५ ग्रॅम ग्लिसरीन वडीतच राहते. याच ग्लिसरीनमुळे पावसाळ्यात वडीला घाम फुटतो, म्हणून ती उघडी ठेवू नये, एवढी सूचना वेष्टनावर असती तर बरे झाले असते. वास म्हणाल तर जवळजवळ नाही. ज्यांना मोगरा-चंदनाची सवय आहे त्यांना ही वडी सपक वाटेल. मला तो कच्च्या खोबऱ्यासारखा अगदी पुसट वास आवडला.

मेमध्ये मी मुद्दाम तिथे जाऊन आले. अंगणात बिया वाळत होत्या आणि पडवीत त्या दिवशीचा घोळ चालला होता. या साबणाची खरी परीक्षा तापमानात आहे. मुठेल ४० अंशांच्या आसपास वितळते. तेलांचे मिश्रण त्याखाली उतरले की त्यातली मुठेलाची चरबी बारीक कणांनी थिजू लागते, घोळ दाट दिसतो, करणाऱ्याला वाटते की साबण जमत आला, आणि प्रत्यक्षात सोडा अजून मोकळाच असतो. मग तयार वडीत पांढरे ठिपके राहतात. घोळ ढवळणाऱ्या वहिनींनी थर्मामीटर भांड्यातच ठेवला होता. मी कारण विचारले तर म्हणाल्या, ‘‘ताई, मुठेलाक थंडी सोसना नाय.’’ काटा ४५ च्या खाली येऊ लागला की त्या भांडे गरम पाण्याच्या परातीत ठेवत. थोड्या वेळाने त्यांनी पळी उचलून घोळावर धार सोडली. ती धार आत न बुडता क्षणभर रांगोळीच्या रेघेसारखी वर राहिली, आणि त्याच क्षणी त्यांनी घोळ साच्यात ओतला. साचे लाकडी, आत कागद लावलेले. दुसऱ्या दिवशी वड्या पाडतात आणि सहा आठवडे फळीवर अंतर ठेवून मुरू देतात. लोणच्याला वापरतो तोच शब्द त्या वापरतात, आणि तो अचूक आहे: सोड्याचे काम पहिल्या दोन-चार दिवसांतच होते, पुढच्या आठवड्यांत पाणी उडून वडी घट्ट आणि सौम्य होते. मागणी कितीही असली तरी सहा आठवड्यांआधी वडी बाहेर काढत नाहीत, हे फळीवरच्या तारखांवरून दिसले.

आता तक्रार. दुसरी वडी पपईची. वेष्टनावर ‘पपईच्या साली व गरातील नैसर्गिक एन्झाइम त्वचा उजळवतात’ असे वाक्य आहे. पपईत पपेन नावाचे एन्झाइम असते हे खरे. पण साबणाच्या घोळातला सोडा इतका तीव्र असतो, की त्यात पपेन शाबूत राहील अशी अपेक्षा धरता येत नाही. जे वडीत उरत नाही त्याचा गुण वेष्टनावर सांगणे योग्य नाही, आणि मुठेलाच्या वडीवर एवढा प्रामाणिक तपशील देणाऱ्यांकडून तर ते मुळीच शोभत नाही. दुसरे असे, की फळातली साखर सोड्याबरोबर तापते. माझ्याकडे आलेली वडी मधोमध कापली तेव्हा आत गडद तपकिरी चकती आणि बाहेर फिकट कड दिसली. साच्याचा मध्यभाग जास्त तापल्याची ही खूण आहे. यामुळे साबण बिघडत नाही, रूप मात्र बिघडते, आणि गर आधी बर्फासारखा गोठवून घातला किंवा त्याचे प्रमाण कमी केले तर हे टाळता येते.

खरा दोष तेलात आहे. या वडीत ४० टक्के सूर्यफूल तेल आहे. त्यात लिनोलिक आम्ल भरपूर असते आणि ते हवेने लवकर खवट होते. कपाटात ठेवलेल्या नगावर एप्रिलच्या अखेरीस तीन नारिंगी ठिपके दिसले. मेच्या मध्यापर्यंत ते मोहरीपासून मसूरडाळीएवढे झाले आणि वडीला जुन्या शेंगदाण्यासारखा वास येऊ लागला. त्याच कपाटातल्या मुठेलाच्या वडीवर एकही ठिपका नव्हता. सूर्यफूल तेल का घेतले, असे विचारल्यावर उत्तर सरळ मिळाले: ते स्वस्त पडते आणि त्याने पपईचा रंग खुलतो. मी त्यांना ते १० टक्क्यांवर आणून उरलेले तिळेल किंवा शेंगदाणा तेल घालावे असे सुचवले, आणि थोडे सोडियम सायट्रेटही. तेलात किंवा पाण्यात धातूचा अंश असेल तर खवटपणा वाढतो, आणि सायट्रेट तो अंश बांधून ठेवते. त्यांनी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. एन्झाइमचे वाक्य पुढच्या छपाईत काढू, असेही त्यांनी स्वतःहून सांगितले. तोवर ही वडी कोणाला घ्या असे मी सांगणार नाही.

संत्र्याची वडी ठीक आहे. साली नागपूरच्या एका नातेवाइकाकडून हिवाळ्यात वाळवून येतात. सालीतला सुवास उडून जाणारा असतो आणि सहा आठवड्यांच्या मुरण्यात त्याचा मागमूस राहत नाही. रंग मात्र फिकट बदामी-पिवळा छान उतरला आहे. सोड्यात रंगांचे काय होईल याचा भरवसा नसतो. हळद चुन्यात खलली की कुंकू लाल होते, तसाच हळदीचा घोळही सुरुवातीला तांबडा पडतो, आणि बिटाचा गुलाबी रंग तर पार तपकिरी होऊन जातो. संत्र्याची साल त्या मानाने बरीच इमानी. मात्र भुकटी जाडसर आहे. पाठीला, कोपरांना घासायला चालेल. चेहऱ्याला आणि लहान मुलांना ती टोचते. माझ्या सात वर्षांच्या भाचीने एकदा वापरून ती नको म्हटले. उटण्याप्रमाणे ही भुकटीही वस्त्रगाळ करायला हवी.

चौथी वडी अंगाची नाही. ती भांड्यांची आणि कपड्यांची आहे, आणि तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटला. बाजारातल्या दोन वडेवाल्यांकडून या बायका वापरून झालेले तळणीचे तेल विकत घेतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांना, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणाऱ्या घटकांना, २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तिच्या वर गेलेले तेल पुन्हा खाण्यात येऊ नये आणि गटारातही ओतू नये, तर जायचे कुठे, हा प्रश्न प्रत्येक खानावळीपुढे असतो. या तेलाचा थंड पद्धतीने, म्हणजे न शिजवता, साबण केला तर वड्याचा वास शेवटपर्यंत राहतो, हे मी स्वतः भोगले आहे. येथे आधी तेल फडक्यातून गाळून बरोबरीच्या पाण्यात दोनदा उकळतात आणि खालचे गढूळ पाणी टाकून देतात. मग सोडा घालून साबण पूर्ण शिजवतात, आणि शेवटी त्यात मिठाचे दाट पाणी ओततात. मिठाच्या पाण्यात साबण विरघळत नाही, तो लापशीसारखा फुटून वर येतो. जळकट रंग, बराचसा वास आणि ग्लिसरीन खालच्या पाण्यात उतरते. हीच क्रिया त्या दोनदा करतात. गडद चहासारख्या तेलातून मेणाच्या रंगाची वडी निघते, आणि माझ्या नाकाला तिच्यात वड्याचा वास लागला नाही.

या वडीने तेलकट कढई गरम पाण्यात उत्तम निघते. पांढऱ्या सदऱ्याची कॉलर दोन घासण्यांत स्वच्छ झाली. पण पाणी जड असेल तर तिचा उपयोग निम्म्यावर येतो. आमच्या इमारतीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी येते. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गाठ पडली की पांढरट साका होतो, आणि स्टीलच्या ताटांवर तो मला स्पष्ट दिसला. शेवटचे पाणी चमचाभर व्हिनेगर घालून दिले तेव्हा ताटे लखलखीत झाली. कुडाळच्या विहिरीचे पाणी मऊ असल्याने करणाऱ्यांना ही अडचण कधी जाणवलीच नव्हती. घाटावर पाठवायच्या वड्यांवर एवढी ओळ त्यांनी जरूर छापावी. हातांना ही वडी रुक्ष लागते, कारण तिच्यात मोकळे तेलही नाही आणि ग्लिसरीनही नाही. नाजूक त्वचेच्या माणसाने हातमोजे घालावेत.

किमतीबद्दल थोडेसे. अंगाची वडी १२० रुपये, भांड्यांची ४५. मुठेलाच्या वडीला हे पैसे मला जास्त वाटत नाहीत, कारण बी फोडण्यापासून सगळे हाताने होते आणि ती महिनाभर पुरते. संत्र्याच्या वडीला वाटतात. टपालाने आलेल्या आठ नगांपैकी एकाचा कोपरा दबला होता. वेष्टन साध्या खाकी कागदाचे, प्लास्टिक कुठेच नाही. फोनवर विचारलेल्या प्रश्नांना नीट उत्तरे मिळाली, आणि ‘कशाने काय बरे होते’ असल्या गप्पा कोणी मारल्या नाहीत. एक्झिमा किंवा सोरायसिस असणाऱ्याने मात्र कोणताही नवा साबण आधी कोपराच्या आत लावून पाहावा, आणि डॉक्टरांना विचारावे.

निघताना मी मुठेलाच्या सहा आणि भांड्यांच्या दहा वड्या घेतल्या. आंब्याच्या बाठ्यांचे काय करता, असेही विचारले. कोयीच्या आतल्या गरातली चरबी स्वभावाने मुठेलाच्या जवळची असते, आणि मेमध्ये रस काढणाऱ्या कारखान्यांच्या मागे बाठ्यांचे ढीग लागतात. दोन वर्षांपूर्वी एकदा करून पाहिले होते, असे त्या म्हणाल्या. कोय फोडायला फार वेळ लागतो आणि ओली राहिली तर आत बुरशी धरते. यंदा एका घाणेवाल्याशी बोलणे झाले आहे. पडवीच्या टोकाला तारेच्या जाळीवर फोडलेल्या कोयी एका थरात वाळत घातल्या होत्या. एक उचलून वाकवली तर ती काडकन मोडली.